राईबाहेरचा कोयता

बोलता बोलता त्याचा उजवा हात कमरेच्या मागे जायचा. तिथे लाकडी आकडी बांधलेली असे आणि आकडीत कोयता. कारखान्याच्या फाटकावर कोयता काढून ठेवावा लागे, तरी हात आपला सवयीने मागे जाऊन मोकळ्या आकडीला शिवून यायचा. एखाद्या लकबीवरून लक्षात राहिलेली माणसं तुमच्याही ओळखीची असतील. हा माझ्या लक्षात राहिला तो त्या हातामुळे आणि एका वाक्यामुळे. "येकदाच सांगतो."

दुसऱ्यांदा तो सांगत नसे. सरळ हाणायचा.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि पिंपरीच्या माळावर एक कारखाना उभा राहत होता. मी तिथे मिस्तरी, तो रखवालदार. खेडच्या पश्चिमेला, पार डोंगरात त्याचं गाव. जातीने महादेव कोळी. एकदा एका ट्रक ड्रायव्हरने पिण्याच्या पिंपात हात धुतले. याने एकदा सांगितलं. ड्रायव्हर हसला, तसा याने त्याला मुंडक्यासकट पिंपात बुचकळला. दिवसभर आम्हालाच पाणी नाही, म्हणून आम्ही त्याच्यावर चिडलो. सिमेंट चोरणाऱ्या दोघांची डोकी त्याने एकमेकांवर आपटली, तेव्हा कंत्राटदाराने त्याची पाठ थोपटली. पुढच्याच आठवड्यात पाट्या वाहणाऱ्या बायकांना शिवी दिली म्हणून त्याच कंत्राटदाराच्या थोबाडीत बसली. असल्या माणसाशी दोस्ती जरा जपूनच करावी लागते, पण मला तो फार आवडायचा.

एका सुट्टीत तो मला गावी घेऊन गेला. खेडपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी, मग छाती फुटेस्तोवर चढण. कुडाच्या भिंतींची, गवताने शाकारलेली थोडी घरं. त्याची आई दारातच त्याला विचारू लागली, यंदा कुणाकुणाला मारलंस? आणि हा वाघ मान खाली घालून उभा. मला हसू आवरेना.

संध्याकाळी तो मला राई दाखवायला निघाला. राई म्हणजे देवाचं रान; तिथली काटकीही कुणी तोडत नाही. शेंदूर फासलेल्या शिवेच्या दगडापाशी त्याने कोयता काढून जांभळीच्या फांदीला अडकवला. मग मला पायातले खिळ्यांचे बूट, पट्टा, खिशातल्या किल्ल्या, सगळं काढायला लावलं. किल्लीने मी कुठलं झाड तोडणार आहे, असं मी विचारलं.

"आत लोखंड न्हाई," तो म्हणाला. "हात उगारायचा न्हाई. रगात सांडायचं न्हाई."

ज्याने कोयता टांगला त्यानेच तो काढायचा, दुसऱ्याने शिवायचं नाही, हेही त्याने सांगितलं. आत गेल्यावर त्याचा आवाज इतका खाली आला की मी त्याच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राईतून कुऱ्हाडींचे आवाज आले. शेजारचं जंगल कोळशासाठी एका ठेकेदाराने घेतलं होतं, आणि त्याचा मुकादम तोडीची माणसं घेऊन थेट राईत घुसला होता. हा कोयता घेऊन पळाला, मी मागे. आज इथे मुडदा पडणार, हे मला कळून चुकलं. पण शिवेपाशी तो थांबला. कोयता फांदीला अडकवला आणि रिकाम्या हाताने आत गेला. मीही बूट, पट्टा, किल्ल्या फेकल्या.

"येकदाच सांगतो," तो मुकादमाला म्हणाला, "कुऱ्हाडी भायेर न्या."

मुकादमाने हातातला सोटा त्याच्या तोंडावर मारला. दात फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. त्याचा हात मागे गेला, मोकळ्या आकडीला शिवला आणि परत आला. त्या हाताने त्याने मुंडासं सोडलं आणि रक्त खाली पडू नये म्हणून तोंडाला लावलं.

मी मुकादमाच्या अंगावर धावलो. माझ्या दोस्ताने मला मागून धरलं.

"मिस्तरी, हितं न्हाई."

मग तो पुन्हा म्हणाला, कुऱ्हाडी बाहेर न्या. पुन्हा सोटा बसला. खांद्यावर, गुडघ्यावर, कानावर. दर वेळी तो उठायचा आणि तेच म्हणायचा. आयुष्यात कुणाला दुसऱ्यांदा न सांगितलेला माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी मुकादमाने एकाच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली आणि माझ्या दोस्ताच्या बरगडीत घातली. तो बसला. भिजलेलं मुंडासं त्याने बरगडीवर दाबून धरलं.

तोडीवाले पलीकडच्याच डोंगरातले होते. त्या मुंडाशाचा अर्थ त्यांना कळत होता. एकेकाने आपली कुऱ्हाड उचलली आणि राईबाहेर नेली. एकटा उरलेला मुकादम पळत सुटला. त्याला पुढे शिक्षा झाली. मला त्याने काही बरं वाटलं नाही.

डोलीतून दोस्ताला खेडला नेताना मी शेजारून चालत होतो. उतारावर त्याने डोळे उघडले.

"सांडलं का?"

"नाही," मी म्हणालो. सांडलं होतं, पुष्कळ सांडलं होतं. त्याने मान हलवली. खेड दिसायच्या आत तो गेला.

वर्षाने मी पुन्हा त्या डोंगरात गेलो. राई तशीच दाट उभी होती. त्याची आई माझ्याबरोबर शिवेपर्यंत आली. जांभळीच्या फांदीला कोयता तसाच होता, पावसाने गंजलेला. घरी का नेला नाही, असं मी तिला विचारलं.

"त्येचा हाय," ती म्हणाली. "काढंल त्यो."

मी खिशातल्या किल्ल्या काढल्या, त्याच फांदीला अडकवल्या आणि अनवाणी आत गेलो.