दहापैकी दोन

"हे आठ गुण तुम्ही दिलेत?"

विभागप्रमुख सरांनी उत्तरपत्रिका माझ्यापुढे टाकली. ठेवली नाही. टाकली.

धुळ्याचं कॉलेज, मराठी विभागाची खोली. तिथले बाकीचे सगळे कायम नोकरीतले. मी एकटी तासिका तत्त्वावर. जूनमध्ये नेमणूक, परीक्षा आल्या की संपली. टी.वाय.च्या मुलांकडून रसग्रहणाची तयारी करून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. पेपरात न वाचलेली कविता येते. ती ओळ न् ओळ वाचायची आणि तिच्यावर लिहायचं. त्याचीच सराव परीक्षा झाली होती.

कविता सरांनीच निवडली होती. भर उन्हात एक वाटसरू दारात येतो. घरातली बाई उंबऱ्याच्या आत उभी राहून उंचावरून तांब्या कलता करते. तो ओंजळ धरून पाणी पितो. त्या धारेला कवीने नदीची उपमा दिली होती. सरांच्या आदर्श उत्तरात लिहिलेलं होतं : वात्सल्य, करुणा, भारतीय आतिथ्य. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं. वैशालीने नाही.

वैशाली शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून एसटीने यायची. बौद्ध घरातली, माझ्यासारखीच. तिने लिहिलं होतं : "बाई तांब्या त्याच्या हातात का देत नाही? उंबरा का ओलांडत नाही? कवीला धार दिसली. मधलं अंतर दिसलं नाही."

मी आठ दिले होते. खरं तर नऊ द्यायला हवे होते.

सरांनी शिपायाला पाठवून वैशालीला बोलावलं. ती दारातच थांबली. तिच्या हातात तिचंच उत्तर देत सर म्हणाले, "मोठ्याने वाच."

तिने वाचलं. आवाज आधी नीट होता. मग शेजारच्या टेबलावरचे प्राध्यापक चहाचा कप तोंडाशी धरून हसले. तिथून तिचा आवाज घसरला. तरी तिने शेवटपर्यंत वाचलं.

सरांनी उत्तरपत्रिका तिच्याकडून घेऊन पुन्हा माझ्यापुढे टाकली. माझ्याकडे बघून बोलले, "तुमच्या लोकांना पाण्यातसुद्धा जात दिसते. मॅडम, रसग्रहणाला संस्कार लागतात. ते आरक्षणात मिळत नाहीत."

मग त्यांनी लाल पेन माझ्या हातात दिलं.

कुणी माझा हात धरला नव्हता. मीच आठ खोडले. मीच दोन लिहिले. शेजारी सही केली. वैशाली बघत होती. माझ्या सहीकडे नाही. माझ्या तोंडाकडे.

मला तिचं म्हणणं कळलं नव्हतं, असं नाही. माझी आई पाचोऱ्याजवळ एका शेतकऱ्याकडे कापूस वेचायला जायची. मी सहा-सात वर्षांची असेन. दुपारी त्या घराच्या ओट्याखाली ती ओंजळ धरून वाकायची आणि मालकीणबाई वरून पाणी सोडायची. बाई प्रेमळ होती, खोटं कशाला बोलू. मला गुळाचा खडा द्यायची. तोही वरूनच, माझ्या हाताला हात न लागता. आईच्या कोपरावरून ओघळलेलं पाणी माझ्या पायांवर पडायचं, तेव्हा गार वाटायचं म्हणून मी खूश व्हायचे.

हे सगळं बघून मी मोठी झाले. आणि एम.ए.ला वात्सल्य, करुणा, नादमाधुर्य घोकून पहिल्या वर्गात पास झाले. सरांची ती कविता मी पेपर तपासायच्या आधी दहा वेळा वाचली होती. एकदाही मला आई दिसली नाही. वैशालीला दिसली. माझी आई तिने पाहिलेली नसताना दिसली.

त्यानंतर आठ दिवस वैशाली कॉलेजात आली नाही. रविवारी मी तिच्या गावी गेले. तिची आई दारात तूर पाखडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बठा मॅडम. तिले बठ्ठं पाठ शे. मंग मनी पोरनं काय चुकनं, सांगा."

अहिराणीतला साधा प्रश्न : पोरीला सगळं पाठ आहे, मग तिचं चुकलं काय? मी बसले.

वैशाली बाहेर आली. म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं. ओळीत जे आहे ते बघा, आपल्या मनाचं घालू नका. मी तेच केलं ना?"

"हो."

"मग खोडलं कशाला?"

"घाबरले मी."

मला वाटलं, ती रडेल. रडली नाही. आत जाऊन वही घेऊन आली आणि पहिलं पान उघडलं. "आता परीक्षेत काय लिहायचं ते सांगा."

मी सांगितलं. मांडी घालून बसले आणि न वाचलेल्या कुठल्याही कवितेला लावता येईल असं आदर्श उत्तर तोंडपाठ सांगितलं. वात्सल्य. करुणा. नादमाधुर्य. ती खाली मान घालून लिहीत गेली. तिचं अक्षर फार सुरेख होतं. पेन खोडायला घेतलं त्या दिवसापेक्षा हा दिवस मला जास्त छळतो. तेव्हा निदान समोर सर होते. इथे मला भाग पाडणारं कुणीच नव्हतं.

वैशाली पहिल्या वर्गात आली. रसग्रहणाच्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त गुण तिला. निकालाच्या दिवशी मी जूनच्या नेमणुकीचं पत्र घ्यायला गेले होते, तेव्हा ती व्हरांड्यात भेटली.

"तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं, मॅडम."

"आता एम.ए. ना? मराठीच घेणार होतीस."

"नाही. तिथेपण हेच लिहावं लागेल." ती टोमणा मारत नव्हती. साधंच सांगत होती. "नर्सिंगचा फॉर्म भरलाय."

ती फाटकाकडे गेली. एवढी वाचू शकणारी पोर मला पुन्हा मिळाली नाही. तिला मराठीतून कुणी घालवलं, असं मला कुणी विचारलं तर सरांचं नाव घेणं सोपं आहे. पण गुण खोडले ते मी, आणि वहीत लिहायला उत्तर सांगितलं तेही मीच.

पुढच्या वर्षी सराव परीक्षेआधी सरांनी नव्या कवितेच्या आदर्श उत्तराचा कागद दिला. "उद्या वर्गात लिहून द्या."

मी तो त्यांच्या टेबलावर परत ठेवला. "हे मी लिहून देणार नाही, सर. मुलं कविता वाचतील आणि त्यांना दिसेल ते पुराव्यासकट लिहितील. मला पटलं तर मी पूर्ण गुण देईन. दिलेले गुण बदलणार नाही."

"पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचा विचार केलाय का?"

"केलाय."

मी हजेरीपट उचलला आणि तासाला गेले.

जून आला. पत्र आलं नाही.

वैशालीला यातलं काही कळवलेलं नाही. तिला सांगून स्वतःला हलकं करून घ्यायचा हक्क मी गमावलाय.

पुढच्या आठवड्यात जळगावच्या एका कॉलेजात मुलाखत आहे. समोर बसलेले विचारतीलच, रसग्रहण कसं शिकवता? मी सांगणार आहे : आधी विचारीन, कवितेतला माणूस कुठे उभा आहे. मग विचारीन, त्याला तिथे उभं कुणी केलं. या दुसऱ्या प्रश्नावर ते एकमेकांकडे बघतील. बघू देत. तो प्रश्न मी गाळणार नाही.