नको म्हणणारं यंत्र

आमच्या हिला ऑफिसात शंकासुर म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि आतून तिला त्याचं कौतुकही होतं. दाराला कुलूप लावून दोन मजले उतरायचे आणि ते ओढून बघायला पुन्हा वर जायचं, असा हा प्राणी. माझं चष्म्याचं दुकान. आमची ओळखच मुळी अशी झाली की ही नंबर तपासायला आली आणि माझं यंत्र नीट लावलेलं नाही म्हणून अर्धा तास हुज्जत घालत बसली. यंत्र खरंच नीट लावलेलं नव्हतं.

तिचं काम मला कळलं तेवढं सांगतो. धुक्यात लढाऊ विमानाला धावपट्टी दिसत नाही, तेव्हा ते नेमकं कुठं आहे हे उपग्रहांच्या संदेशांवरून ठरवायचं. पण तो हिशेब चार-पाच मीटरनं चुकू शकतो, आणि उतरताना पाच मीटर म्हणजे खेळ खलास. म्हणून धावपट्टीच्या कडेला चार खांब आणि त्यांवर चार अँटेना. खांबांची जागा पक्की मोजलेली, त्यामुळे हिशेब किती चुकतोय ते त्यांना समजतं आणि ते विमानाला कळवतात. चौघांचं एकमेकांशी पटलं तर उत्तम. नाही पटलं, तर वैमानिकासमोर लाल अक्षरं येतात : भरवसा नको. किती फरक पडला की 'नको' म्हणायचं, ती मर्यादा हिनं ठरवलेली. शंका काढायचा पगार घेणारी बाई माझ्या पाहण्यात हीच.

वैमानिकांना शिकवायलाही तीच जायची. "यंत्र नको म्हणालं की वाद घालायचा नाही. विमान वर उचला आणि परत फिरा." सगळे माना डोलवायचे आणि सरावात दोन-तीन सेकंद घालवायचेच, कारण माणूस आधी काचेतून बाहेर डोकावतो. एकच जण होता, पोरगेलासा, हसऱ्या तोंडाचा. तो एका सेकंदाच्या आत विमान उचलायचा. हिनं भर वर्गात त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "असा पाहिजे!"

त्या सकाळी धावपट्टीच्या कडेनं गवत कापायचं काम चालू होतं. धुकं एकाएकी आलं. ट्रॅक्टरवाल्याला वायरलेसवर हुकूम झाला, आहेस तिथंच थांब. तो थांबला, तिसऱ्या खांबाला अगदी खेटून. ट्रॅक्टरच्या पत्र्यावर आपटून उपग्रहांचे संदेश वाकडेतिकडे झाले, तिसऱ्या अँटेनाचा हिशेब बिघडला आणि बाकीच्या तिघांशी त्याचं पटेना. यंत्र 'नको' म्हणालं. नेमका तोच हसरा पोरगा तेव्हा उतरत होता, आणि त्यानं एका सेकंदाच्या आत ऐकलं. पूर्ण जोर लावून वर चढताना इंजिन बंद पडलं आणि विमान त्याच्यासकट कोसळलं.

चौकशी झाली. यंत्र नियमानं वागलं होतं, ट्रॅक्टरवाला नियमानं वागला होता, वैमानिकही नियमानंच वागला होता. हिच्या साहेबांनी तर हिची पाठ थोपटली. हिनं मात्र तीन आठवडे मान मोडून सगळे आकडे पुन्हा तपासले. तो पोरगा धावपट्टीच्या मधल्या रेषेपासून जेमतेम वीतभर बाजूला होता.

तेव्हापासून तो आमच्या घरातच राहायला आलाय म्हणा. जेवताना हिचा घास हातातच राहतो, ओठ किंचित हलतात, आणि मला कळतं की ही तो सेकंद मोजतेय. एकदा दुकानात मी गिऱ्हाइकाला म्हणालो, "वर बघा," आणि त्यानं झटकन वर बघितलं. एवढ्याशानं हिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माणसं किती पटकन ऐकतात रे," ती म्हणाली. "आणि मी त्याला शाबासकी दिली."

"मग ती मर्यादा सैल कर की," मी वैतागून म्हणालो.

"केली तर खऱ्या धोक्यातही यंत्र गप्प बसेल. मग दुसरं कुणाचं तरी पोर."

खरं सांगतो, मला तिची भीती वाटायला लागली होती.

एका रविवारी दुपारी त्या पोराची आई आली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई, हातात घडी घातलेला कागद. चौकशीचा अहवाल गोपनीय, त्याबद्दल बाहेर बोलणाऱ्याची नोकरी जाणार, वर खटला. घरच्यांना त्यातली एकच ओळ मिळाली होती : 'वैमानिकाने शेवटच्या क्षणी उतरण्याचा निर्णय बदलला.'

"लोक म्हणतात, पोरगा घाबरला," त्या म्हणाल्या. "तो घरी तुमच्याबद्दल सांगायचा. शंकासुर मॅडम म्हणायचा, राग मानू नका हं. तुम्ही तरी सांगा, घाबरला का हो तो?"

मी हिला डोळ्यांनी दटावलं. चहाच्या निमित्तानं आत बोलावून बघितलं. मला आमचं घर दिसत होतं, फ्लॅटचे हप्ते दिसत होते. लाज वाटते, पण तसंच होतं. ही जागची हलली नाही.

"नाही घाबरला," ती म्हणाली. "यंत्रानं त्याला परत फिर म्हणून सांगितलं. तो इशारा खोटा होता. यंत्र तसं मी केलंय. त्यानं मी शिकवलं तेच केलं, आणि सगळ्यांपेक्षा चांगलं केलं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा तेच म्हणाल्या. मग सगळा चहा प्यायल्या, हिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या जिवात जीव आला. नोकरी गेली तर जाऊ दे, म्हटलं, निदान घर तरी मोकळं होईल.

दारात चपला घालता घालता त्या थांबल्या.

"म्हणजे ऐकलं नसतं, तर उतरला असता?"

खोटं बोल, मी मनातल्या मनात ओरडत होतो, आयुष्यात एकदा खोटं बोल.

"हो," ही म्हणाली.

बाईंनी भिंतीला हात टेकला. एकाच पायात चप्पल होती.

"दुसरी हाक मारावी लागली की फटका द्यायचे मी त्याला," त्या म्हणाल्या. "पहिल्या हाकेला ऐकायची सवय मीच लावली."