माडीवरच्या सागवानी फळ्या

सोलापुरात घराची जमीन म्हटली की शहाबादी फरशी. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी मारायचं, चटई टाकायची आणि पडायचं. त्यापलीकडं जमिनीचा कुणी विचार करत नाही. आमच्याकडं मात्र खाली फरशी आणि वर माडीला लाकूड होतं. सासऱ्यांनी म्हणे कधीकाळी कुर्डुवाडीला रेल्वेच्या लिलावात सागवानी फळ्या घेतल्या आणि आणून माडीवर ठोकल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, फळ्या होत्या. राख फासल्यासारख्या दिसायच्या. अनवाणी चाललं की हमखास एखादं कुसळ पायात, मग बसा सुई घेऊन.

माडीचा रस्त्याकडचा भाग आमचा, मागचा धाकट्या दिरांचा. मधे एक दार, ते कायम उघडं. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्या म्हणायचो. त्यांची गादी माझ्या खोलीत, खिडकीखाली. दुपारी त्यांचं सुपारी कातरणं, माझं निवडणं-टिपणं आणि दोघींच्या गप्पा. धाकटी अधूनमधून येऊन बसायची, पण बैठक माझ्याकडं. थोरली होते ना मी.

दुष्काळ सरून पाऊस जरा रुळावर आला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. धाकटे दीर रेल्वेच्या कचेरीत. एकदा कामासाठी साहेबाच्या बंगल्यात जाऊन आले ते वेड लागल्यासारखेच. तिथली जमीन म्हणे लाकडाचीच, पण काढ्यासारखी गडद आणि अशी गुळगुळीत की बूट घालून जायला लाज वाटावी. "आपल्याकडं बी लाकूडच हाय की," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या आठवड्यात आपल्या भागापुरता मिस्त्री आणला.

मी दारात सूप घेऊन बसायची, गहू निवडायच्या निमित्तानं. सगळं बघितलं. वर आलेले खिळे त्यानं आत ठोकले, रंधा मारला. खालून लाकूड निघालं ते ताज्या गुळाच्या रंगाचं. इतकी वर्षं आम्ही त्यावर पाय देत होतो आणि आत असलं काही असेल हे कुणाला ठाऊक? मग काचकागद, जाडा आणि मग बारीक, लाकडाच्या रेघेच्या दिशेनंच. फटीत भुसा आणि सरस भरला. गडद रंग फडक्यानं चोळून लगेच पुसून घेतला. शेवटी लाखेचं स्पिरिट पॉलिश, पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. त्या वासानं डोकं चढायचं, पण उठवेना.

झालं तेव्हा आत्या आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "थोरले, ये बघ. तोंड दिसतंय की गं हितं."

मी गेले. खरंच दिसत होतं. माझंच तोंड, आणि ते काही चांगलं दिसत नव्हतं. धाकटीची साडी माझ्यापेक्षा चांगली असायची, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. तिला मुलगा आधी झाला, तेही मी पचवलं. पण जमीन? एकाच लिलावातल्या फळ्या, एकाच सासऱ्यांनी ठोकलेल्या, आणि उंबऱ्याच्या पलीकडच्या तेवढ्या आरशासारख्या.

"अक्का, घसरतंय हं, जपून," धाकटी म्हणाली. तिनं काळजीनंच म्हटलं असेल. मला ते लागलं.

मग पेठेतल्या बायका बघायला यायला लागल्या. माझ्या खोलीतून जाऊन तिची खोली बघायच्या आणि परत माझ्याच खोलीतून जायच्या. जाताना माझ्या फळ्यांकडं बघून काही बोलायच्या नाहीत. त्या न बोलण्याचाच जास्त राग यायचा. आणि आत्या? आधी पानाचा डबा तिकडं गेला, मग चटई, मग गादी. "तितं गार लागतंय गं पाठीला," म्हणायच्या. लाकूड ते लाकूडच, तिथं गार आणि इथं गरम कसं लागेल? पण बोलायची सोय नव्हती.

तेही चाललं असतं. पण श्रावण सरता सरता आत्या बोलून गेल्या, "औंदा लक्ष्म्या धाकटीकडं बसवाव्या म्हणते. कशी शोभंल जमीन."

आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी, मुखवटे पितळेचे, सासूबाईंच्या सासूपासूनचे. मी आल्यापासून त्या माझ्या खोलीत बसायच्या. त्यांना साडी नेसवायची ती मी, पहिलं कुंकू लावायचं ते मी. घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. दागिने आत्यांच्या पेटीत, पैसे ह्यांच्या खिशात, आणि लक्ष्म्या माझ्याकडं. त्या उंबऱ्यापलीकडं गेल्या तर मी थोरली कशाची?

"आत्या, माझ्याकडची जमीनपण तशीच होईल. सणाच्या आत," मी म्हटलं.

"कोन करनार?"

"मी."

आत्यांनी सुपारी तोंडात टाकली. "कर. झाली तर तुझ्याकडं."

मिस्त्रीचं ह्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. नुकतंच घराचं छप्पर दुरुस्त करून हात रिकामे झाले होते. पण आमचे हे गिरणीत रंगखात्यात. चादरींच्या सुताला रंग देणं हेच त्यांचं काम. मी म्हटलं, अहो, तुमच्याकडं नाही का तपकिरी रंग? तोच फासू.

"अगं, तो सुतावर चढतो. त्याला उकळावं लागतं, मीठ घालावं लागतं. जमीन कशात उकळशील?"

"उकळायची कशाला? रंग तो रंग."

त्यांनी मान हलवली आणि पुडी आणून दिली. त्यांचा स्वभावच तसा, दोनदा कधी सांगणार नाहीत.

रंधा मला कुठला चालवता येतो? मी विटेच्या तुकड्यानं घासलं, मग काचकागदानं. गुडघे सोलून निघाले, नाकातोंडात भुकटी. पण त्या गुळाच्या रंगापर्यंत पोहोचले. घंगाळात रंग कालवला आणि बोळ्यानं फासला. तिच्यापेक्षा एक चढ जास्त, मुद्दाम. वरून जवसाचं तेल. मिस्त्री पातळ हात मारायचा हे बघितलं होतं, पण मला वाटलं, पातळ म्हणजे कंजुषी. मी भरपूर ओतलं. खिडक्या उघड्या ठेवल्या, तर भाद्रपदाची दमट हवा. ते तेल काही नीट वाळेना. पायाला चिकट लागायचं, पण दिसायला? काय दिसत होतं म्हणून सांगू. तिची तपकिरी, तर माझी जवळजवळ काळी. लक्ष्म्यांची पावलं रांगोळीनं काढली तेव्हा दुधानं काढल्यासारखी उठली.

धाकटी दारात उभी राहून बघत होती. "अक्का, लई गडद झालंय की."

"झालंय खरं," मी म्हटलं. आयुष्यात एवढं सुख थोड्याच वेळा मिळालं असेल.

आत्यांनी पायाच्या बोटानं जमीन चाचपली, जरा थबकल्या, पण शब्दाला जागल्या. लक्ष्म्या माझ्याकडं बसल्या.

दुसऱ्या दिवशी पूजा. पुरणपोळी, सोळा भाज्या, आणि जेवायला सवाष्णी. आमच्याकडं सवाष्ण आली की जिन्याच्या तोंडाशी तिचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं आणि आत घ्यायचं. धाकटी पाय धूत होती, मी ओटीचं ताट घेऊन आत. बायका ओल्या पायांनी माझ्या जमिनीवरून चालत आल्या, लक्ष्म्यांपुढं वाकल्या, बसल्या. उठल्या तेव्हा तळवे काळेभोर. साड्यांच्या काठांना रंग, आणि रांगोळीच्या पावलांवरून तपकिरी ओघळ.

मग शेजारची एक म्हातारी, जिच्या तोंडाला सगळी पेठ वचकून असायची, तळवा वर करून म्हणाली, "पायाला आळता लावत्यात हे म्हाईत होतं. हे काळं कुटल्या देशाचं गं?"

हसल्या की सगळ्या. दुसरी म्हणाली, "गिरणीवाल्याचं घर हाय, काय रंगवतील नेम न्हाय."

आत्यांच्या लुगड्याचा काठही गेला होता. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मी लक्ष्म्यांकडं. पानं मांडायची होती, आणि असल्या जमिनीवर पानं कुठं मांडणार?

तेवढ्यात धाकटीनं पंचा आणला, एकेकीचे पाय पुन्हा धुतले, कोरडे पुसले आणि म्हणाली, "पंगत माझ्याकडं घेऊ या. देवी हितंच राहू द्या, त्यांना हलवायचं नसतं. न्हाई का हो आत्या?" आणि तिनं दारापर्यंत अंथरलेल्या चादरींवरून, माझ्या जमिनीला पाय न लागू देता, बायका तिकडं गेल्या.

तिच्या त्या आरशासारख्या जमिनीवर गरम वाढणं आलं. आमटी सांडली, पाण्याचे तांब्ये खाली टेकले. बायका तृप्त होऊन गेल्या तेव्हा तिच्या जमिनीवर पांढरी वर्तुळं उठली होती, ताटाची मोठी, तांब्याची लहान. लाखेच्या पॉलिशला ऊन पदार्थ आणि पाणी सोसत नाही, हे मिस्त्रीनं तिला सांगितलेलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून तिनं पंगत घेतली. जिना उतरताना सगळ्या म्हणत होत्या, धाकटीचं मन किती मोठं. तिच्या जमिनीचा हेवा होता तो होताच, आता मनाचाही करायला लागला.

दिवाळीच्या आधी दिरांनीच त्या मिस्त्रीला परत आणलं, आणि त्यानं दोन्हीकडचं केलं. ह्या वेळी मी सूप बाजूला ठेवलं आणि बोळा हातात घेतला. माझा रंग काढताना त्याच्याही नाकी नऊ आले. लाख कशी भिजवायची, हात कुठं थांबवायचा, पांढरा डाग स्पिरिटच्या ओल्या बोळ्यानं हलकेच कसा उतरवायचा, सगळं शिकून घेतलं. पुढं दरवर्षी मीच करायची. रोज नुसतं कोरडं फडकं. ओलं पोतेरं माडीवर येऊ दिलं नाही. महिन्याकाठी मेण आणि टर्पेंटाइन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून एकजीव करायचं, चुलीवर थेट कधी नाही, आणि लोकरीच्या तुकड्यानं चोळायचं. पेटी सरकवायची तर खाली चादरीची घडी. माझ्या हाताला असं वळण बसलं की धाकटी म्हणायला लागली, "अक्का, माझ्याकडचंबी तुमीच करा." मी करायची. आणि तिच्या खोलीला उजेड मागच्या अंगणातून तिरका यायचा, त्यामुळं माझ्याच हातची चमक तिच्याकडं जास्त दिसायची. ह्याला काय म्हणावं?

आत्यांनी त्या सणानंतर ठरवूनच टाकलं होतं. लक्ष्म्या थोरलीकडं, पंगत धाकटीकडं. कुणाला वाटेल मी जिंकले. पण दुसऱ्या वर्षी बसून बघितलं तर काय, मी एकटी समईला तेल घालत लक्ष्म्यांपाशी, जमीन माझी आरशासारखी, कुणी पायसुद्धा न लावलेली, आणि दारापलीकडं हसणंखिदळणं. आत्या तिथं, ती शेजारची म्हातारी तिथं, नाव घ्यायचा आग्रह तिथं. मला देवी मिळाल्या आणि माणसं तिच्याकडं गेली.

मी पुरणाचं पातेलं घेऊन उगाच दारात गेले. वाढायला काही उरलं नव्हतं, सगळ्यांची पानं भरलेली. धाकटीनं माझ्याकडं बघितलं आणि गुडघा आत घेऊन पंगतीत जागा केली.

"या की अक्का, हितं बसा माझ्याजवळ. कवापास्नं एकट्याच हायसा."

मी पातेलं कडेला ठेवलं, खाली फडकं घालून.

"बसते," मी म्हटलं, "पण आधी तो तांब्या उचल. डाग पडतोय."