मंगलताईचा टाक घेऊन देवणीला

एरवी या ब्लॉगवर मी किल्ले, रस्ते आणि खाणं लिहिते. या खेपेचा प्रवास लग्नाचा होता, तोही माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचा. मंगलताईला जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. नागनाथदाजींचं गाव देवणीजवळ. दुष्काळात ते गुरं घेऊन चारा छावणीवर राहायला गेले, तिथे शेजारच्या दावणीला पार्वती नावाची विधवा बाई आपल्या दोन गाई घेऊन आली होती. लग्न ठरलं ते तिथेच. दाजींनी स्वतः फोन करून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "टाक आणशीला का?"

आमच्यात पहिली वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. तो पहिलीच्या माहेराने द्यायचा. टाक दिला की दुसरी आपली लेक झाली, दिवाळीला तिला माहेरी आणायचं. नाही दिला, तर त्या घराशी नातं तुटलं.

फोननंतर तिसऱ्या दिवशी आईने ट्रंकेतून ताईचे लहानपणीचे वाळे काढले आणि मला सराफ्यात पाठवलं. टाक घडून आला तेव्हा मला वाटलं, गाडी रुळावर आली. पण ती म्हणाली, "मी न्हाई येणार. तू जाऊन बघ. मन धजलं तर बांध, न्हाई तर परत आण." म्हणजे सगळं ओझं माझ्या पर्समध्ये.

नांदेडहून सकाळच्या एसटीने कंधार गाठलं. रस्ता बरा आहे, फक्त डावीकडची खिडकी धरू नका, ऊन सोलून काढतं. कंधारच्या किल्ल्याचा खंदक मी पूर्वी भरलेला पाहिला होता. या वेळी तळाला चिखलाची पापडी धरली होती आणि तिच्यावर शेळ्या फिरत होत्या. किल्ला बघावा असाच आहे, पण माझं लक्ष लागेना. स्टँडसमोर भजी आणि चहा घेतला आणि उदगीरची गाडी पकडली.

उदगीरला मुक्काम. लॉजवाल्याने खोलीच्या किल्लीबरोबर एक बादली पाणी दिलं आणि दुसरी मागू नका, असं अगदी नम्रपणे सांगितलं. सकाळी देवणीच्या जीपमध्ये उदगीर जिल्हा होणार की नाही, यावर वाद पेटला होता. लातूर वेगळं झालं तसं आपलंही होणार, असं एकजण छातीठोकपणे सांगत होता. माझ्या शेजारच्या म्हातारीने तंबाखू मळता मळता निकाल दिला, "जिल्हा करा न्हाई तर राजधानी करा, टँकर कवा येतंय ते सांगा."

दाजी मला न्यायला आले नाहीत. लग्न दुपारचं, पण गुरांना वैरण सकाळीच लागते, तेव्हा छावणीवरच या, असा निरोप होता. छावणी म्हणजे माळावर बांबू आणि हिरव्या जाळीचे मांडव, त्याखाली ओळीने गुरं. देवणी गाईंचे काळे-पांढरे ठिपके सोडले तर सगळीकडे धुळीचा एकच रंग. दाजी मला पाठमोरे दिसले. पार्वती उसाचे वाढे तोडत होती आणि दाजी तिच्याशी बोलत होते.

"सपनात हीर काठोकाठ भरल्याली. आन मी काठावर बसून पाय सोडून राहिलो. पाणी गार लागून राहिलं बघ."

"मग उठलाव का न्हाई?" ती म्हणाली.

"कशाला उठू? उठलं की छावणी."

दोघंही हसली. मी तिथेच थांबले. माझी बहीण पंचवीस वर्षं या माणसाबरोबर नांदली. दर दिवाळीला माहेरी आली की हसून सांगायची, आमच्या घरात दिवसाला दोनच शब्द खर्च होतात, 'वाढ' आणि 'बास'. आम्ही सगळे हसायचो. माणूस पीत नाही, हात उचलत नाही, आणखी काय पाहिजे, असं आई म्हणायची. हाच माणूस स्वप्नं सांगतो, हे ताईला कधी कळलंच नाही. मला हसणाऱ्या पार्वतीचा राग आला. टाक परत न्यायचा, हे मी तिथेच ठरवलं.

दाजींनी माझं तोंड वाचलं असावं. पार्वती तयारीला गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. पायाशी वैरणीच्या काड्या मोडत म्हणाले,

"शोभा, मंगलसंगं मी बोललोच न्हाई. शेत हुतं, पाणी हुतं, कामाला सुमार न्हवता. वाटायचं, बोलायला सगळा जलम पडलाय. हितं वैरण टाकली की दिवसभर काम न्हाई. बसून बसून बोलाय शिकलो. पर ते तिच्यासाठी शिकाय पायजे हुतं."

त्यांना माफ करणं माझ्या हातात नव्हतं. जिच्या होतं ती राहिली नव्हती.

लग्न महादेवाच्या देवळात झालं. पंचवीसेक माणसं, एक सनई, अक्षता मोजक्या. अक्षता पडल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. पार्वती स्वतःच उठून माझ्यापुढे येऊन बसली. तिचं माहेर निलंग्याच्या पुढे, कानडी मुलखाला लागून.

"अक्का," ती हळू आवाजात म्हणाली, "टाकाला पयला घास दावून जेवायचं असतं म्हणत्यात. त्यास्नी काय आवडायचं, ते यांस्नी इचारलं. यांना ठावं न्हाई म्हणाले. तुम्ही सांगता?"

"शेंगदाण्याची चटणी," मी म्हणाले. "जास्त लसूण घातलेली. आणि भाकरीचा करपलेला काठ."

तिने मान डोलावली. मी तिच्या गळ्यात टाक बांधला. काळ्या दोऱ्याची गाठ घट्ट बसेना, ती सोडून पुन्हा मारली. पंगतीत भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची येसर आमटी, भाकरी, भात, बुंदी होती. येसर इतकी सुरेख होती की मी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा मला लाज वाटली. पार्वतीने भाकरीचा काठ मोडून टाकाला लावला आणि मगच पहिला घास घेतला. दाजी ते बघत होते. ते जेवलेच नाहीत.

परतीला देवणीहून उदगीर, तिथून थेट नांदेडची गाडी मिळते. दुपारची गाठा, संध्याकाळची भरून येते. रस्ताभर मी आईला काय सांगायचं ते जुळवत होते. बाई गरीब आहे, सोशिक आहे, असं सांगायचं. छावणीतलं बोलणं सांगायचं नाही, हे पक्कं केलं होतं.

आई उंबऱ्यात बसली होती. तिने लग्नाचं विचारलं नाही, साडीचं विचारलं नाही.

"बांधलास?"

"हाव."

"बोलतो का गं तिच्यासंगं?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. आम्ही हसायचो तेव्हाही ठाऊक होतं. जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं.

"बोलतात," मी म्हणाले. "लई बोलतात."

ती उंबऱ्यातून उठली आणि म्हणाली, "दिवाळीला तिला घेऊन ये. लेक हाय आता. त्याला म्हणावं, तू येऊ नगंस."

दाजी ताईला सोडायला आमच्या दारापर्यंत कधी आलेच नाहीत. दर दिवाळीला ती एकटीच पिशवी घेऊन स्टँडवर उतरायची. या वर्षी मात्र, येऊ नका म्हटलं तरी, ते येतील. बायकोची पिशवी हातात घेऊन, तिच्याशी बोलत येतील. आणि दार मलाच उघडावं लागेल.