आबांच्या तोंडातलं तेल

तेल चांगलं की माउथवॉश, असं हल्ली नातवंडं मला विचारतात. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, जन्मभर तोंडात तेल धरलं आणि सासऱ्यांनी जन्मभर माउथवॉशनं गुळण्या केल्या. दोघांच्या कवळ्या एकाच डॉक्टरनं बसवल्या. तेव्हा दातांचं मला विचारू नका.

आमच्या आबांना कुणाला नाही म्हणता येत नसे. कुणी बैल मागो नाहीतर बांध कोरो, आबांचं आपलं "व्हय, व्हय" ठरलेलं. आई कपाळाला हात लावायची. दिवसातून एकदाच त्यांची जीभ गप्प असे, ती सकाळी. चमचाभर तिळाचं तेल तोंडात धरून ते गाल फुगवून ओट्यावर बसत आणि काही झालं तरी बोलत नसत. तेव्हा दुष्काळ पडलेला, फोडणीला तेल मिळायची मारामार. "कालवणात नसलं तरी चालंल, ह्यांच्या दातांना तेवढं पायजे," आई धुसफुसायची.

त्या सुमारास मी केडगावात नुकतीच मास्तरीण झाले होते. ती नोकरी म्हणजे माझा जीव की प्राण. मला बघायला नगरातून पाहुणे आले तेही भल्या सकाळी, कारण मुलाचे वडील दवाखान्यात कंपाउंडर आणि नऊला त्यांची ड्यूटी. "अवो, पाव्हणं आलं की!" आई ओरडली. तोंडात तेल धरून बसलेले आबा लगबगीनं परसातल्या मोरीकडे गेले आणि परत आले ते गाल फुगवूनच. आईनं डोळे वटारले. आबांनी तोंडाकडे बोट दाखवलं आणि पाहुण्यांशेजारी घोंगडीवर जाऊन बसले.

कंपाउंडरसाहेबांना आयतंच गिऱ्हाईक सापडलं. "अहो, तेल भजी तळायला ठेवा! जंतू मरतात ते माउथवॉशनं." त्यांच्या तोंडाला पेपरमिंटचा भपकारा येत होता. खिशातून गुलाबी औषधाची बाटली काढून त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि सगळे बघतायत बाटली!

मग ते मुद्द्यावर आले. "लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल हं. आमच्यात सुना बाहेर पडत नाहीत. चालेल ना?"

आबांचं "व्हय, व्हय" मला ऐकूही यायला लागलं होतं. पण आबांनी मान हलवली ती आडवी.

"थुंकून या, मग सावकाश बोलू," कंपाउंडर म्हणाले. आबांनी हातानंच थांबा म्हटलं. पोहे संपले, चहा झाला, गाल फुगलेलेच. पुन्हा विचारलं, पुन्हा मान आडवी. जो बोलतच नाही त्याच्याशी वाद तरी कसा घालायचा? शेवटी मुलगाच म्हणाला, "करू द्या की नोकरी, बाबा. तुम्हाला उशीर होतोय." कंपाउंडरांनी घड्याळ बघितलं, चरफडले आणि "बरं, बरं" म्हणाले. आबांनी लगेच मान उभी हलवली.

पाहुणे फाटकाबाहेर पडताच मी आबांच्या गुळण्यांसाठी तांब्या भरून मोरीकडे पळाले. मोरीच्या दगडावर पांढरं फेसाळ तेल आधीच थुंकलेलं होतं. त्याला मुंग्यासुद्धा लागल्या होत्या.

मागून आबा आले. गाल चोळत म्हणाले, "आईला सांगू नगंस. लई दुखलं गं पोरी."