दुसऱ्या फेरीनंतर ती काय म्हणाली

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिच्यापासून मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, खाल्लेली दुसरी प्लेटसुद्धा लपवू शकत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, मी खडकीला बॉक्सिंग करायचो. तेव्हा या खेळात यायची ती जवानांची आणि चाळीतली पोरं — खेळाडू म्हणून कुठेतरी चिकटता येईल, या आशेने. मुली? छे, विषयच नव्हता. माझ्यासारख्या मास्तरांच्या मुलाने हातमोजे घातले तरी घरात रोज महाभारत. मी दोन लढती हरलो, नाक मोडून घेतलं आणि इंजिनिअर झालो.

मग सिंगापूर. क्वीन्सटाउनला आमच्या ऑफिसजवळ जिम निघाली, तेव्हा मी बघतच राहिलो. लॅपटॉपच्या बॅगा भिंतीला लावून बँकवाले, आयटीवाले, दोन-दोन मुलांच्या आया ठोसे मारायला शिकत होत्या. कोच साठीचा चिनी माणूस. त्याच्या तरुणपणी गोदीतली पोरं यायची म्हणे, आता मॅनेजर येतात, असं म्हणून तो हसायचा. मीही हसायचो — जरा छाती फुगवूनच. या हौशी मंडळींत खरा बॉक्सर मीच ना! दोन लढती हरलेला, हे कुणाला सांगितलंय?

मुग्धा माझ्या टीममधली. डोंबिवलीची, तिशीच्या आतली, हट्टी. नवऱ्याची नोकरी तिकडे, म्हणून इथे एकटी. तिला जिममध्ये मी नेलं. मला दादा म्हणायची.

वर्षभराने तिची लढत ठरली — कंपन्यांतल्या हौशी लोकांची, मोठ्या हॉटेलात. मधे रिंग, भोवती जेवणाची टेबलं. आमच्या कंपनीचं टेबल अगदी पुढे. पोरगी माझ्या हाताखाली तयार झालीय, हे मी आठवडाभर ऑफिसात मिरवत होतो. तिच्या कोपऱ्यात कोच आणि मी.

पहिली फेरी तिने मारली. दुसरीत कानाच्या वर एक ठोसा बसला. टेबलांवरून काही वाटलं नसेल, पण तिचे पाय क्षणभर तिचे राहिले नाहीत — ते मला दिसलं. ती येऊन स्टुलावर बसली. कोचसमोर ती कायम इंग्रजी बोलायची. आता मराठीत बोलली.

"दादा, मला दोन-दोन दिसतंय. घरी जाऊया."

कोचने मला विचारलं, "व्हॉट शी से?"

थांबा — हे मला नीट सांगू द्या. मला ऐकू आलं नाही, असं नाही. समजलं नाही, असंही नाही. खडकीला आमचे उस्ताद अशा पोराला दंड धरून रिंगमधून खाली उतरवायचे. मलाही एकदा उतरवलं होतं. त्या हॉलमध्ये तिची भाषा कळणारा मी एकटा होतो. पण समोर माझा बॉस अंगठा वर करून हसत होता. एकच फेरी उरली होती. आम्ही जिंकत होतो — बघा, अजून तोंडात 'आम्ही'च येतं.

"शी सेज शी इज ओके," मी म्हणालो. आणि दातांवरचा गार्ड मीच तिच्या तोंडात सरकवला — तिने पुन्हा काही बोलू नये म्हणून.

तिसऱ्या फेरीत साधासा हात लागला आणि ती पडली. मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशन झालं, वाचली. पण स्क्रीनकडे जरा वेळ पाहिलं की डोकं फुटायला लागतं, आणि बोलता बोलता शब्द हरवतात. नोकरी गेली, नोकरीबरोबर इथे राहायचा पासही. तिला न्यायला नवरा आला होता. विमानतळावर त्याने माझे दोन्ही हात धरले. "परक्या देशात तिच्याजवळ आपलं माणूस होतं, दादा, एवढंच समाधान," म्हणाला. मी ते ऐकून घेतलं. वर त्याच्या पाठीवर हातही ठेवला.

गेल्या वर्षी भारतात गेलो, तेव्हा डोंबिवलीला तिला भेटायला गेलो. लढतीतलं तिला काहीच आठवत नाही. नवरा आत चहा टाकत होता. ती माझ्याकडे वळली आणि एकेक शब्द शोधत म्हणाली, "दादा... मधे मी... बसले होते ना? काही बोलले का मी?"

तिथे बॉस नव्हता, कोच नव्हता. आम्ही दोघंच होतो.

"नाही गं," मी म्हणालो. "काहीच नाही."