आष्टीला उसने दिलेले गडी

किसनदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मैदानात गोलच्या खांबाशी माती लोटत होतो. हंगामाआधी मैदान नीट करायचं काम दरवर्षी त्यांच्या देखरेखीखाली व्हायचं. यंदा ते अंथरुणाला खिळले होते. निरोप ऐकूनही मी फावडं चालवतच राहिलो... दुसरं काही सुचेना.

जालन्यातला आमचा फुटबॉल क्लब म्हणजे किसनदादा. दिवसा वीज कचेरीत कारकुनी, संध्याकाळी मैदान. पावसाळी स्पर्धांआधी ते आम्हाला आष्टीला फ्रेंडली सामना खेळायला न्यायचे. पेरणीची घाई असली की आष्टीचे अकरा गडी भरायचेच नाहीत. मग दोन आमचे उसने द्यायचे, असा रिवाजच पडला. दुसऱ्या कुणी लिंबूटिंबू देऊन वेळ भागवली असती. दादा हमखास आमचे सगळ्यात तयार दोघे देत. आणि मग रेषेबाहेर उकिडवे बसून चेंडू सोडून आमच्या तोंडांकडे बघत.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल. त्यांनी मला आष्टीकडून उतरवलं आणि मी आमच्यावरच दोन गोल चढवले. आमचा गोलकीपर युसूफ इतका रुसला की परतीच्या जीपमध्ये माझ्याकडे पाठ करून बसला. बाकीच्यांनी त्याचीच री ओढली. तरी आमचा क्लबच चार-दोन असा जिंकला होता. संघ जोरात आहे, असं मी दादांना म्हटलं.

"गोल मोजून राह्यला का तू?" ते म्हणाले. "घरचा माणूस घडीभर तिकडं गेला तं ह्यांना सहन होईना. औंदा काही खरं न्हाई."

स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत आमचा बाजार उठला. एकमेकांना पास देताना प्रत्येकाच्या जिवावर यायचं. पुढल्या साली दादांनी युसूफलाच आष्टीला दिला. त्याने आमचा एकही गोल होऊ दिला नाही, वर आम्हालाच चिडवलं, आणि आम्ही हरून हसत परतलो. त्या वर्षी अंतिम सामना खेळलो.

दादा गेल्यावर क्लब बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं. एवढा आष्टीचा सामना होऊ द्या, मग बघू, असं खेळाडू म्हणाले. गेलो. त्यांचे दोघं कमीच होते. दादांच्या जागी उसने गडी आता मी द्यायचे होते, पण मी काही बोलायच्या आत आमचा कप्तान राहुल एकाला घेऊन पलीकडे गेला. आम्ही एका गोलने हरलो. गोल राहुलचाच, आणि शेवटी त्याला खांद्यावर घेतलं ते आमच्याच खेळाडूंनी.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. दादांच्या बायकोने मैदान कधी पाहिलं नव्हतं, पण वीस वर्षं ऐकलं होतं.

"हरलो वहिनी," मी म्हणालो. "कप्तानच तिकडं गेल्ता."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि खाटेखालची पिशवी ओढून माझ्यापुढे ठेवली. "हे आता घरात कशाला? घेऊन जा. पडल्या पडल्या त्यायनंच हवा भरून ठेवली."

आत पाच चेंडू होते आणि पंप. एक दाबून पाहिला. थोडा उतरला होता. दुसऱ्या दिवशी सरावाला हवा भरावी लागणार होती. पंप हातात घेतला... पण दादांनी भरलेल्या हवेत आपली मिसळायला कितीतरी वेळ मला जमलंच नाही.